पंत जेवायला बसलेत

कुत्र्यांशी माझा आजवरचा संबंध म्हणजे रात्री उशिरा स्टेशनवरून घरी येताना त्यांच्या नजरेला नजर न देता चालणं. हातात पिशवी असली तर ती छातीशी धरायची, उगाच खाकरायचं, बंद मोबाइल कानाला लावून कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलायचं, एवढंच काय ते माझं प्राणिप्रेम. त्यामुळे मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मीटरच्या खोलीपाशी मुक्कामाला आलेल्या एका तांबूस, हडकुळ्या, एक कान ताठ आणि एक लोंबता अशा कुत्र्याला चांगलं घर शोधून देण्याची जबाबदारी सर्वसाधारण सभेनं एकमतानं माझ्यावर टाकली, तेव्हा एवढ्या लोकांना माझ्यात असं काय दिसलं असेल, या विचारानं मला थोडं भरूनच आलं. बायकोला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, सभेत तुम्ही एकटेच झोपला होतात."

खरं होतं ते. विषय क्रमांक चार म्हणजे गच्चीवरच्या टाकीची गळती, आणि तो विषय निघाला की माझे डोळे आपोआप मिटतात. जाग आली ती टाळ्यांच्या आवाजानं, आणि सगळे वाजवताहेत म्हणून मीही वाजवल्या. विषय क्रमांक पाच असा निकालात निघाला होता. इतिवृत्तात पुढे छापूनच आलं की, सदर श्वानास सुयोग्य घर मिळवून देण्याचे कार्य त्यांनी आनंदाने स्वीकारले.

कुत्र्याला घर कशाला शोधायचं, पलीकडे कुठेतरी नेऊन सोडा, असं म्हणणारा एक पक्ष होता. पण त्या कुत्र्याच्या ताठ कानाच्या टोकाला खाच होती, म्हणजे नसबंदी आणि लस झालेली, आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे असं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत आणून सोडावं लागतं. हे मला कसं ठाऊक? मी वाचलं. मला काही करता येत नाही, पण वाचता येतं, आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ तिथे आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटल्याची बातमी चेअरमननी कापून नोटीसबोर्डावर लावली. अकरा दिवसांनी न्यायालयानं त्यात दुरुस्ती केली, नसबंदी आणि लस झालेली कुत्री, पिसाळलेली वा हल्लेखोर नसतील तर, परत जागेवर सोडा म्हटलं. ती बातमी मी कापून शेजारी लावली. दोन्हींवर मग पाणीकपातीची नोटीस आली.

आता मुद्द्याचं. हे कुत्रं खायचं भरपूर, पण खाल्लेलं राहायचं नाही. कुणी पोळी घातली, बिस्किटं घातली की ते गपागपा खायचं, थोडा वेळ इकडेतिकडे करायचं आणि मग मान खाली घालून, ना ओकारी ना आवाज, सगळं जसंच्या तसं जमिनीवर ठेवायचं. बिस्किटावरची अक्षरंसुद्धा वाचता यायची. सोसायटीतल्या प्रत्येकाकडे यावर उपाय होता. कुणी ओवा सांगितला, कुणी दही-भात, तळमजल्यावरच्या आजींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि माझ्या सासूबाईंनी हिंगाचं पाणी करून दिलं, जे त्यानं माझ्या चपलेवर परत केलं. ते हडकुळं का आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीनं केसपेपर काढला आणि मान वर न करता विचारलं, "नाव?" मी माझं संपूर्ण नाव सांगितलं. "वय?" म्हणाल्यावर मात्र मला वाटलं, पेशंटचं विचारताहेत, म्हणून म्हटलं, "तीनेक वर्षं असेल." "नसबंदी?" मी म्हटलं, "झाली आहे." आजूबाजूच्या लोकांनी मांजरांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. तर त्या दवाखान्याच्या दप्तरी माझ्या नावापुढे वय तीन, रंग तांबूस, जात देशी, वजन सोळा किलो अशी नोंद झाली. वजनाचं वाचून बायको म्हणाली, "हे तरी खरं असतं तर."

डॉक्टरांनी परळला पाठवलं. मुंबईतल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून बैलघोडा हॉस्पिटलच आहे. पाटीवर बाई सकरबाई दिनशॉ पेटिट असं भारदस्त नाव आहे. सर दिनशॉ माणेकजी पेटिटांनी एकोणिसाव्या शतकात पैसे दिले, बायकोचं नाव दिलं, आणि ट्रामचे घोडे नि गाड्यांचे बैल तिथे बरे होऊ लागले. शेजारचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ सालचं. ही सगळी माहिती मी टॅक्सीवाल्याला सांगितली, कारण मुलुंडची रिक्षा सायनच्या पुढे येत नाही, आणि सायनला टॅक्सी थांबवल्यावर मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काय आहे हे त्याला कळायच्या आत त्याला बोलण्यात गुंतवणं भाग होतं. किंग्ज सर्कलपर्यंत युक्ती चालली. तिथे कुत्र्यानं सकाळची खिचडी परत केली आणि टॅक्सीवाल्यानं माझ्याकडून धुलाईचे पैसे आधी घेतले, भाडं नंतर.

बेरियम पाजून काढलेला तो एक्स-रे मी आयुष्यात जेवढा पाहिला तेवढी लग्नाची सीडीही पाहिलेली नाही. आपण घास गिळतो तेव्हा अन्ननलिकेचे स्नायू एकामागून एक आवळत त्याला पोटात ढकलतात. या कुत्र्याचे ढकलतच नव्हते. नळी फुगून, ढिली पडून छातीत नुसती पिशवी झाली होती. घास आत येतो, गर्दी करतो, पुढे सरकत नाही. थोडक्यात, संध्याकाळी सात वाजताचा एलबीएस रोड. मेगाइसोफॅगस म्हणतात याला. काही पिल्लांना जन्मापासून असतो, काहींना स्नायू थकवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आजारातून येतो, पण मोठेपणी झाला तर पुष्कळदा कारण सापडतच नाही. खरी भीती उपासमारीची तर आहेच, त्याहून मोठी न्यूमोनियाची, कारण वर आलेलं अन्न श्वासनलिकेत उतरलं की फुफ्फुसं बिघडतात. औषधापेक्षा पथ्य मोठं. ते एका वाक्यात बसतं: कुत्र्याला उभं बसवून जेवू घालायचं, आणि जेवल्यावर वीसेक मिनिटं तसंच बसवून ठेवायचं. जे काम स्नायूंनी करायचं ते मग गुरुत्वाकर्षण करतं.

वाक्य सोपं आहे. कुत्र्याला समजावून सांगायचं तेवढं राहतं.

अमेरिकेत बेली नावाच्या एका कुत्र्याला हाच आजार होता. त्याच्या मालकांनी त्याच्यासाठी उंच पाठीची, पुढे फळी असलेली खुर्ची बनवली, आणि जगभर आता तिला बेली चेअर म्हणतात. मी नकाशा काढला आणि भांडुपच्या एका सुतारांकडे गेलो. मूळचे कणकवलीकडचे. नकाशा उलटासुलटा करून बघत ते म्हणाले, "कोणाक व्हयी ही खुर्ची? नातवाक?" मला कुत्र्याचं नाव काढायचा धीर झाला नाही, म्हणून मोघम "हो" म्हटलं. मग वय विचारलं, ते सांगितलं. वजन सांगितलं. "चलता मा?" म्हणाले. मी म्हटलं, "चालतो, धावतो, फक्त बसत नाही." त्यांनी टेप लावायला नातवाला घेऊन या म्हटलं, तेव्हा मी खिशातून मापांचा कागद काढला. कंबर, पाठीची लांबी, पुढचे पाय, मागचे पाय. "मागचे?" सुतार म्हणाले.

तरी त्यांनी खुर्ची बनवली, आणि झकास बनवली. कुणाच्या तरी किचन ट्रॉलीतून उरलेला गुलाबी फुलांचा सनमायका लावला, पुढच्या फळीला कडी दिली. पहिल्या दिवशी कुत्र्याला तीत बसवताना मी, बायको आणि वॉचमन असे तिघे लागलो आणि खुर्चीत शेवटी वॉचमनची टोपी तेवढी बसली. सासूबाई देवघरातून हे सगळं बघत होत्या. त्या उठल्या, वाटीत खिमट घेतलं, चमचा त्याच्या नाकासमोरून हळूहळू वर नेला. ते नाकामागून वर चढलं, पाठ टेकली, पुढचे दोन्ही पाय फळीवर ठेवले, आणि ताट कधी वाढताय अशा नजरेनं आमच्याकडे बघू लागलं. सासूबाई म्हणाल्या, "बसले हो पंत!" तेव्हापासून ते पंत.

मीटरच्या खोलीत खुर्ची मावत नव्हती, म्हणून पंत तात्पुरते आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आले. चेअरमन लगेच उपविधी घेऊन आले. मी त्यांना भारतीय पशू कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक दाखवलं, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही म्हणून. तिथे थांबायला हवं होतं. पण मी त्यांना पुढे १८३२ ची दंगल सांगितली: कंपनी सरकार उन्हाळ्यात भटकी कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे देत असे, त्या वर्षी मुदत वाढवली, शिपायांनी पारशांच्या पवित्र दिवशी घरांपुढची कुत्री मारली, आणि ६ जूनला फोर्टात पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, गोऱ्या पलटणीचा पाव आणि पाणी तुटलं, दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारानं पांजरापोळ उभी राहिली ती या सगळ्यातूनच. चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे टाकीचं पाणी तुम्ही तोडणार आहात का?"

पंतांचा दिनक्रम ठरला. दिवसातून चार वेळा थोडं थोडं जेवण, भात, मुगाची डाळ, कोंबडी, सगळं शिजवून मिक्सरमधून काढलेलं. संकष्टीला आमच्या घरात अंडंसुद्धा फुटत नाही, पण सासूबाई स्वतः नाकाला पदर लावून पंतांचं चिकन वाटायच्या, फक्त चटणीच्या भांड्यात नाही, एवढी एकच अट. पाण्याची पंचाईत मोठी. पातळ पाणी नळीत साचून वर येतं, म्हणून पाणी घट्ट करून वड्या करून द्यायच्या. सासूबाईंनी चायना ग्रास उकळून ताटात ओतलं आणि सुरीनं चौकोन पाडले. एका पाहुण्यांनी त्यातल्या दोन वड्या खाल्ल्या आणि "साखर कमी झालीय, पण छान" म्हणाले.

जेवणानंतरची वीस मिनिटं मात्र माझ्याकडे होती. मी पंतांना पेपर वाचून दाखवायचो, अग्रलेखापाशी ते हमखास खुर्चीतून सुटायची धडपड करत. शेवटी उपाय सापडला तो सासूबाईंच्या मालिकेचा. मालिका लागली की पंत फळीवर हनुवटी टेकून बघत बसत, जाहिराती धरून अर्धा तास, हू नाही की चू नाही. शेजाऱ्यांचा फोन यायचा, "काय चाललंय?" बायको सांगायची, "पंत जेवायला बसलेत." बरेच दिवस लोक समजत होते की गावाहून माझे कुणी काका आलेत.

आणि मग ती गोळी. डॉक्टर म्हणाले, एक औषध करून बघू. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २०२२ साली याच आजाराच्या कुत्र्यांना पातळ करून दिलं होतं, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप त्यानं सैल पडते, घास पोटात उतरतो. सिल्डेनाफिल. चिठ्ठी घेऊन मी आमच्या नेहमीच्या केमिस्टकडे गेलो, ज्यांच्याकडून मुलीचं ग्राइप वॉटर आणलं तेच. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा वाचली. ही गोळी जगात कशासाठी प्रसिद्ध आहे हे मला आठवलं ते तेव्हा. वर पेशंट म्हणून माझं नाव. केमिस्ट मागच्या पोराला ओरडून म्हणाले, "सिल्डेनाफिल काढ रे, पन्नासची पूर्ण स्ट्रिप!" मागे रांगेत बायकोच्या भिशीतल्या दोघी उभ्या. मी चटकन, आणि नको तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "कुत्र्यासाठी आहे!"

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. केमिस्ट माझा हात थोपटत म्हणाले, "असू दे हो, आम्ही काही विचारत नाही. पण वय तीन लिहिलंय, पुढचा आकडा डॉक्टर विसरलेत वाटतं."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

पण या सगळ्यानं पंत सुधारले. बरगड्या दिसेनाशा झाल्या, लोंबता कानसुद्धा अधूनमधून उभा राहू लागला, आणि आता घर शोधायला हरकत नव्हती. मी जाहिरातीचा मजकूर लिहिला, फुलस्केपची दोन पानं, 'अन्ननलिका: रचना आणि कार्य' इथपासून. पुण्याहून मुलीनं तो वाचला आणि त्याची एक ओळ केली: शांत, प्रेमळ, माणसाळलेला पंत घर शोधतोय, खाण्याची थोडी काळजी घ्यावी लागते. मी म्हटलं, 'थोडी' हे असत्य आहे. ती म्हणाली, "बाबा, लोकांना येऊ तर देत. आल्यावर सांगा."

आल्यावर सांगायला मला कुणी सांगावं लागत नाही.

अंधेरीहून, लोखंडवालाकडून, एक तरुण जोडपं आलं. पंत त्यांना बघताक्षणी आवडले. तिनं त्यांचे दोन्ही कान हातात घेतले, तो फोटो काढू लागला. चांगलं चाललं होतं. "याला नक्की काय होतं?" असं त्यानं विचारलं आणि मी एक्स-रे काढला. दिवा घालवा, टॉर्च धरा, इथून बघा, हा घसा, ही छाती, हे काळं दिसतं ती हवा, हे पांढरं बेरियम. न्यूमोनियापर्यंत आलो तेव्हा त्याला फोन आला. तो फोन घ्यायला बाहेर गेला, ती त्याला शोधायला गेली, आणि दिवा लावला तेव्हा मी पंतांना अन्ननलिका समजावून सांगत होतो.

बोरिवलीचे, आयसी कॉलनीतले एक गृहस्थ सहकुटुंब आले. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकून पडल्यानं पोचले ते नेमके पंतांच्या जेवणाच्या वेळेला. त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. त्यांनी दारातूनच पाहिलं तर राखणदार गुलाबी फुलांच्या खुर्चीत बसून चमच्यानं खिमट खातोय आणि समोर मालिका चालू आहे. "भुंकतो का?" त्यांनी विचारलं. आता याचं उत्तर 'हो' एवढंच होतं. पंत छान भुंकतात. पण मी म्हटलं, जेवणानंतर लगेच भुंकू देऊ नये, आणि का देऊ नये ते सांगायला विजेच्या बिलामागे आकृती काढली. त्यांची धाकटी मुलगी रडायला लागली. जाताना ते गृहस्थ बायकोला म्हणाले, ते मला जिन्यातून ऐकू आलं, "कुत्रा बरा होता गं."

असे पुष्कळ आले आणि गेले. कुणी फोनवरच गेले. कुणी 'लॅब्रॅडॉर आहे का?' असं विचारून गेले. घाटकोपरचे एक कच्छी शेठ तेवढे अर्धवट टिकले. जीवदया मानणारे, सकाळी कबुतरांना दाणे टाकल्याशिवाय चहा न घेणारे. त्यांच्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजणं शक्य नव्हतं, म्हणून पंतांना घरी नेता येईना, पण औषधाचा महिन्याचा खर्च माझा म्हणाले, आणि तो शब्द आजपर्यंत पाळताहेत. उठताना मला म्हणाले, "भाई, तुमचा कुत्रा एकदम सारा हाय. तुमी फकत थोडा कमी बोला."

माझ्याबद्दल इतकं नेमकं निदान कुणी केलेलं नव्हतं. बायकोनं ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

याच शेठनी मग सकाळी बागेत त्यांच्या बाकावर बसणाऱ्या एका निवृत्त मोटरमनना सांगितलं असणार की मुलुंडला एक माणूस आहे, तुमच्याइतकाच बोलतो, आणि त्याच्याकडे एक कुत्रा आहे, त्याला तुमचाच आजार आहे. कारण एका रविवारी बेल वाजली आणि दारात एक ताठ कण्याचे, इस्त्रीच्या शर्टातले काका उभे, काखेत खाकी पाकीट. "पंत कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "त्याचं असं आहे, अन्ननलिकेचे स्नायू..."

"आधी माझं ऐका," काका म्हणाले.

त्यांना अचलेशिया होता. माणसांत होतो तो. अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला सैल पडायचं कळेनासं होतं आणि घास वर तुंबतो. कितीतरी वर्षं त्यांना ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, मग कुणीतरी शहाण्या डॉक्टरनं नाकातून नळी घालून, घोटघोट पाणी प्यायला लावून स्नायूंचा दाब मोजला आणि निदान झालं. फुगा घालून झडप ताणली, तेव्हापासून बरं आहे, पण जेवून आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, आणि चहा उभ्यानं. बायकोनं कप पुढे केला तर ते खरोखरच उठून उभे राहिले. खाकी पाकिटातून त्यांनी त्यांचा एक्स-रे काढला आणि आमच्या हॉलच्या ट्यूबलाइटला लावला. शेजारी मी पंतांचा लावला. काकांची नळी वर रुंद आणि खाली एकदम निमुळती, पक्ष्याच्या चोचीगत. डॉक्टरही तिला चोचच म्हणतात. पंतांची आपली एकसारखी पिशवी. दोन्हींकडे मान वर करून आम्ही बघत राहिलो. काका म्हणाले, "माझी जास्त सुबक आहे."

मी मधे तोंड घालायचा प्रयत्न केला नाही असं नाही. म्हटलं, पाण्यासाठी आम्ही चायना ग्रास... ते म्हणाले, बरोबर, जिलेटिन मुंबईच्या उन्हाळ्यात वितळतं, हे नाही वितळत. म्हटलं, बेली चेअर... ते म्हणाले, पाठीचा कोन किती ठेवलाय? मला माहीत नव्हतं. रात्री झोपताना त्याचं डोकं किती इंच वर असतं? मोजलं नव्हतं. जेवल्यावर वीस मिनिटं धरता ती शेवटच्या घासापासून की पहिल्या? काकांनी खिशातून छोटी वही काढली आणि माझ्याकडे एकवार बघून तीत काहीतरी लिहिलं. मला आत्तापर्यंत आलेल्या सगळ्या लोकांचं दुःख एकदम कळलं. मलाही फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जावंसं वाटू लागलं.

पंत उठून काकांच्या पायाशी जाऊन बसले होते. पाठ ताठ.

काका राहतात घाटकोपरला, पंतनगरमध्ये. ते ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावून "योग असतो" म्हटलं आणि उरलेलं चायना ग्रास बांधून द्यायला आत गेल्या.

पोचवायच्या दिवशी पंत, बायको आणि सासूबाई रिक्षानं गेल्या. रिक्षात खुर्ची मावेना, म्हणून खुर्ची आणि मी लोकलनं, मालडब्यातून. डब्यात माशांच्या पाट्या, कोथिंबिरीचे भारे, दुधाचे कॅन आणि मधे गुलाबी फुलांची खुर्ची. भांडुपला एक भाजीवाल्या मावशी चढल्या, इकडेतिकडे जागा बघितली आणि सरळ खुर्चीत बसल्या, पुढची कडी लावून घेतली, फळीवर हात ठेवले. विक्रोळीपर्यंत डोळे मिटून होत्या. उतरताना म्हणाल्या, "पाठीला बरी हाय. कितीला घेतली?" मी त्यांना बेलीची गोष्ट सांगायला लागलो तोवर त्या फलाटावरून दिसेनाशा झाल्या होत्या, आणि त्या नादात मला घाटकोपरला उतरायचं राहता राहता राहिलं.

घामाघूम होऊन पंतनगरात पोचलो तर पंत जेवत होते. दुसऱ्याच एका खुर्चीत. काकांनी आधीच बनवून घेतली होती, कोनमापक लावून, पाठीला फोम, आणि बाजूला भिंतीवर वेळापत्रक, मिनिटाबरहुकूम. समोर स्वतः काका ताठ बसून मऊ भात खात होते. "तुमच्या खुर्चीची पाठ मागे कलते," ते मला म्हणाले, "चार अंशांनी." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता वीस मिनिटं आम्ही दोघं बोलत नाही. तुम्हीही बोलू नका."

मी रोज फोन करतो. जेवणानंतर वीस मिनिटं टाळून करायचा, असा नियम घालून दिलाय. पंतांचं वजन वाढलंय, खोकला नाही, मालिका तिकडेही लागते. एवढं सांगून काका त्यांच्या अन्ननलिकेवर येतात, आणि मला 'हं, हं' म्हणत राहावं लागतं.

राहता राहिली खुर्ची. ती मी परत आणली, परतीच्या गाडीला मात्र तीत मीच बसलो. आता ती आमच्या हॉलमध्ये आहे, चेअरमनच्या मते ती पॅसेजमध्ये ठेवता येत नाही, आणि भंगारवाला गुलाबी सनमायका बघून पैसे देण्याऐवजी मागतोय. शेवटी मुलीनंच पुन्हा एक ओळ लिहून दिली: उत्तम स्थितीतली मजबूत खुर्ची, मोफत. लगेच एका गृहस्थांचा कांजूरमार्गहून फोन आला. घ्यायला निघतोच म्हणाले, सहज म्हणून विचारलं, "लाकूड कुठलं आहे हो?"

मी म्हटलं, "त्याचं असं आहे, आपण घास गिळतो तेव्हा..."

त्यांनी फोन ठेवला.